ओझेलाकडे उतरलेला खेळाडू

पाहुण्या संघातला कुठला पोरगा कुणाच्या घरी उतरणार, याची यादी सात वर्षं ओझेला स्टॅन्सिल नावाची बाई करत होती, आणि सात वर्षांत एकदाही तिने नावाजलेला खेळाडू स्वतःकडे ठेवून घेतला नव्हता. यंदा ठेवला. तिथेच घोळ झाला.

हॉटेल गावात नव्हतं असं नाही. स्टेशनसमोर होतं की, चांगलं दोन मजली. पण तिथे काळ्या माणसाला शिरायचं तर मागच्या दाराने, आणि तेही हातात झाडू असेल तर. म्हणून पूर्व टेक्ससमधल्या आमच्या सगळ्या शाळांनी आपली पद्धत पाडली होती. यजमान गावाने पाहुणी पोरं घरोघर वाटून घ्यायची. उद्या ज्याला मैदानात आडवं पाडायचं, त्याला आज पोटभर जेवू घालायचं आणि धुतलेल्या चादरीवर झोपवायचं. पुढच्या वर्षी आपली पोरं त्यांच्याकडे जाणार असतात. सगळा कारभार विश्वासावर.

हा विश्वास एकदा तुटला की काय होतं, तेही आम्ही पाहिलं होतं. नदीपलीकडच्या एका गावात, नाव घेत नाही, चार वर्षांपूर्वी पाहुण्यांची पाच पोरं आजारी पडली. बटाट्याचं सॅलड उन्हात राहिलं होतं, बस, एवढंच. पण लोकांची जीभ ती, उचलली आणि लावली टाळ्याला. मुद्दाम केलं म्हणाले. त्यानंतर त्या गावात खेळायला कुणी गेलं नाही. पोरं धडधाकट, चेंडू नवा, पण समोर उभं राहायला संघच नाही. दुसऱ्या वर्षी त्या शाळेने फुटबॉल बंद केला, म्हणजे आमचा अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा.

तर १९५१च्या नोव्हेंबरात आमच्या बेथेल ग्रोव्हच्या शाळेची गाठ कोल्टर सिटीशी पडली. जो हरेल त्याचा हंगाम संपला. कोल्टर सिटीचा थेरॉन गेट्स म्हणजे चेंडू काखेत मारून पळायला लागला की पकडणाऱ्याच्या हाती वारा. आणि ओझेलाचा मुलगा एल्डन आमच्याकडचा पकडणारा. शेवटच्या वर्षात होता. थेरॉनला अडवायचं काम त्याचंच. एवढं सगळं ठाऊक असून ओझेलाने यादीत स्वतःच्या नावासमोर थेरॉन गेट्स लिहिलं.

"हे दिसायला बरं नाही, ओझी," तिचा नवरा लेम म्हणाला. तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता, आणि करवतीवरची माणसं मोजकंच बोलतात.

"सात वर्षं मी उरलेली पोरं घेतली," ती म्हणाली. "एकदा मला हवा तो घेतला तर आभाळ कोसळतंय का?"

बुधवारी रात्री पोरगा आला, जेवला, "थँक यू, मॅम" म्हणाला आणि एल्डनच्या शेजारच्या खाटेवर झोपला. काळाभोर, उंच, लाजाळू. तळलेलं चिकन, चवळी, कोलार्डचा पाला, मॅकरोनी, वर लिंबाच्या केकचे दोन तुकडे. ताट चाटूनपुसून स्वच्छ. ओझेला हरखून गेली. असा जेवणारा पाहुणा मिळायला नशीब लागतं, असं तिने लेमला दोनदा ऐकवलं.

गुरुवारी सकाळी साडेपाचला ती चूल पेटवायला उठली, तर मागच्या कुंपणाशी थेरॉन गुडघ्यांवर बसलेला. ओकून ओकून पोरगं पांढरं पडलं होतं, म्हणजे आमच्या रंगाचं माणूस जेवढं पडू शकतं तेवढं.

"काय झालं रे, बाळा?"

"काही नाही, मॅम. बरा आहे मी." आणि पुन्हा पोट धरून वाकला.

ओझेलाच्या पायाखालची जमीन सरकली. तिने त्याला आत आणून स्वयंपाकघरातल्या खाटेवर निजवला, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून पाजला, पोटावर गरम फडकं ठेवलं. सोडा आला तसा बाहेर गेला. लेम दाराशी उभा राहून बघत होता.

"तेच जेवण मी जेवलो," तो म्हणाला. "तू जेवलीस. एल्डन जेवला. आपल्याला कुठे काय झालं?"

"अहो, तेच तर वाईट आहे," ओझेला म्हणाली. "सगळे आजारी पडलो असतो तर म्हणाले असते, चिकन नासलं होतं. आता काय म्हणतील? तिघं ठणठणीत, आणि नेमका त्या पोराला त्रास."

लेमने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"सामना एक दिवस पुढे ढकलता येईल?" त्याने विचारलं.

त्यालाही ठाऊक होतं की येणार नाही. मैदान गोऱ्यांच्या शाळेचं. शुक्रवार त्यांचा. आम्हाला गुरुवार मिळे, तोही संध्याकाळी सात ते साडेनऊ. साडेनऊला त्यांचा रखवालदार दिव्यांची कळ खाली ओढी, मग चेंडू हवेत असला तरी. गुरुवारी खेळलं नाही तर खेळलंच नाही.

तेवढ्यात एल्डन झोपेतून उठून स्वयंपाकघरात आला. खाटेवर वेटोळं होऊन पडलेला थेरॉन त्याने पाहिला. तो आईजवळ आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, तू त्याच्या ताटात काही वेगळं नाही ना घातलंस? माझ्यासाठी?"

ओझेलाच्या हातात डाव होता. तिने तो ओट्यावर ठेवला. या पोराला एका खोट्या शब्दासाठी तिने कधीकाळी फटकावलं होतं, आज तोच तिला हे विचारत होता. आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. तिला रडू कोसळलं असतं, पण त्याला वेळ नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "देवाशपथ नाही."

"बरं," एल्डन म्हणाला. त्याने विश्वास ठेवला, हे तिला दिसलं. पण पोटच्या पोराने विचारलं होतं. मग गाव कशाला सोडतंय? आणि कोल्टर सिटी? ते तर मोटारी भरभरून निघाले असतील एव्हाना. आपला वाघ बाकावर बसलेला बघतील, तो कुणाकडे उतरला होता ते विचारतील, त्या बाईचा मुलगा कोण तेही विचारतील. झालं मग. पुढच्या वर्षी बेथेल ग्रोव्हला कोण येतंय? एका सॅलडपायी एक शाळा बसली होती. इथे तर सरळ सरळ विष म्हणतील.

ती पुन्हा थेरॉनपाशी गेली. "खरं सांग, बाळा. बसमध्ये काही खाल्लंस? वाटेत कुणी काही दिलं?"

"नाही, मॅम. बसमध्ये काही नाही."

"मग?"

पोराने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुमचं जेवण फार छान होतं, मॅम," एवढंच म्हणाला. काहीतरी लपवतोय, हे ओझेलाला कळलं. पण आजारी लेकराला किती खोदणार?

साडेसातच्या सुमाराला मागचं दार वाजलं. व्हर्डी मे, दोन घरं सोडून राहणारी. हातात झाकलेली ताटली.

"त्या पोराला म्हटलं सकाळचं काहीतरी..." ती आत आली, आणि खाट पाहून जागच्या जागी थिजली. "अगं बाई. काय झालं याला?"

"तेच शोधतेय," ओझेला म्हणाली.

व्हर्डी मेने ताटली टेबलावर ठेवली. मग पुन्हा उचलली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख पडलं होतं. "माझ्या पिठाच्या गोळ्यांनी तर नसेल ना झालं?"

"कुठले गोळे?"

"चिकनच्या रश्श्यातले. काल संध्याकाळी. जरा बसवला त्याला, ओझेला, जरासाच. माझ्या दारावरूनच जात होता. म्हटलं एवढा नावाजलेला पोरगा, एक वाटी रस्सा खाऊन गेला तर काय बिघडतं?"

"एक वाटी?"

"तीन," व्हर्डी मे म्हणाली. "मी वाढत गेले, तो खात गेला. नाही म्हणेचना. मला वाटलं, उपाशी आहे लेकरू."

ओझेलाने वळून खाटेकडे पाहिलं. थेरॉनने चादर डोक्यावरून ओढून घेतली होती.

"थेरॉन गेट्स," ती म्हणाली. "बाहेर काढ तोंड. आणखी कुणाकडे जेवलास?"

चादरीतून आवाज आला, "मी सांगणार नाही असं कबूल केलंय, मॅम."

"कुणाला कबूल केलंस?"

"या मॅमना. आणि त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या मॅमना."

कोपऱ्यावरचं घर म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याचं, डीकनचं घर. डीकनची बायको कोरीन; चर्चच्या रीतीने सिस्टर कोरीन. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, आणि ओझेलाने यादीत थेरॉन स्वतःकडे घेतला म्हणून सोमवारपासून तिच्याशी न बोलणारी.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एल्डनचा सराव सातपर्यंत, त्यामुळे चर्चपाशी, जिथे बस थांबली, तिथून थेरॉनला आणायला कुणी नव्हतं, तो पत्ता विचारत एकटाच निघाला. कोपऱ्यावर कोरीनने हाक मारली. त्याला वाटलं, हेच आपलं घर. डुकराच्या भाजलेल्या बरगड्या, बटाट्याचं सॅलड, मक्याचा कॉर्नब्रेड, सगळं जेवला. जेवण झाल्यावर ती म्हणाली, आता सिस्टर ओझेलाकडे जा, पण इथे जेवलास ते बोलू नकोस. तिथून निघाला तर व्हर्डी मेने धरला. आणि मग ओझेलाचं ताट.

"अरे, पण नाही म्हणता येत नाही का तुला?" ओझेला ओरडलीच.

"कोचचा नियम आहे, मॅम. ज्या घरात ताट पुढे येईल ते संपवायचं. ताट नाकारलं तर घराचा अपमान होतो, आणि पुढच्या वर्षी कुणी आपल्याला घरात घेत नाही. ज्याने नाकारलं तो खेळत नाही."

ओझेला खुर्चीवर बसली. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि व्हर्डी मेच्या डोक्यात ती ताटली घालावीशीही वाटत होती. विष नाही. नासकं नाही. तीन बायकांची हौस आणि एका पोराचे चांगले संस्कार. तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण हे तिला कळलं होतं, जगाला कळायचं होतं.

"चल," ती व्हर्डी मेला म्हणाली. "कोरीनकडे."

कोरीन ओसरीवर झाडत होती. "मी?" ती म्हणाली. "छे. तुझ्या पाहुण्याला मी कशाला जेवू घालू? यादीत माझ्या वाट्याला तो पाणी पाजणारा पोरगा आला होता. तू यादी केली होतीस."

"कोरीन, पोरगा कळवळतोय."

"मग तुझ्या चिकनला विचार."

ओझेलाला सोमवारचा सगळा राग आला, आणि ती बोलणारही होती. पण तिने स्वतःला आवरलं. खोटं कशाला, थोडं तिचंही चुकलंच होतं. "यादीत मी मिरवायला गेले," ती म्हणाली. "चुकलं माझं. सगळ्या चर्चसमोर म्हणेन, हवं तर. पण आज तू बोलली नाहीस तर आपल्या गावात पाहुणा यायचा नाही. तुझा नातू सातवीत आहे ना? तो कुणाशी खेळणार आहे, ते सांग मला."

कोरीनने झाडू भिंतीला टेकवला. मग कमरेचा एप्रन सोडला, त्याची घडी केली आणि ती म्हणाली, "बरगड्या जरा जास्तच वाढल्या मी."

पाहुण्यांचे कोच पिकेट पाद्रीसाहेबांकडे उतरले होते. तिघी एका रांगेत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि कोरीनने, मानलं पाहिजे बाईला, एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. कोचने कॉफीचा कप खाली ठेवला.

"तीन घरी?"

"तीन घरी."

"आणि प्रत्येक ठिकाणी ताट संपवलं?"

"चाटूनपुसून," व्हर्डी मे म्हणाली.

कोचने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, आणि हसतायत की काय ते तिघींना कळेना. "नियम माझाच," ते शेवटी म्हणाले. "एक ताट, असं म्हणायचं राहिलं माझं." मग हसू ओसरलं. "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आमची माणसं दोनशे मैलांवरून येतायत. मी त्यांना सांगेन. अर्धे ऐकतील. पोरगा मैदानात उतरला तर सगळेच ऐकतील."

ओझेला घरी परतली ती एकच काम घेऊन. दिवसभर तिने त्या पोराला चमचा चमचा पाणी, आल्याचा काढा आणि कोरडा भाजलेला पाव यांच्यावर ठेवलं. दुपारी तो झोपला. चारला उठून म्हणाला, "मॅम, आता जरा बरं वाटतंय." ती एवढी खूश झाली की केक काढायला निघाली होती, लेमने हात धरून बसवलं.

एल्डन निघताना दाराशी थांबला. "आई, मी त्याला हळू पकडणार नाही हं."

"मी तसं म्हटलं का?"

"तू म्हणशील असं वाटलं."

तिच्या जिभेवर आलंच होतं, फक्त पोटात डोकं घालू नकोस रे. पण असं सांगणं म्हणजे पुन्हा दुसरीकडून खोटेपणाच. "तू तुझा खेळ खेळ," ती म्हणाली.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. पहिला अर्धा वेळ थेरॉन बाकावर बसून होता, अंगावर घोंगडी. आमची पोरं बारा-सातने पुढे होती आणि आमच्या बाजूला नुसता जल्लोष. ओझेलाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला समोरच्या बाजूची माणसं दिसत होती. कोल्टर सिटीचे लोक एकमेकांच्या कानाला लागत होते, मग मान वळवून आमच्या बाकांकडे बघत होते. आपल्याच लोकांतून मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "एल्डनच्या आईने काम फत्ते केलं म्हणायचं." आणि हसलं. थट्टाच होती. तरी लेमने मागे वळून त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याने पुढचे शब्द गिळले.

दुसऱ्या अर्ध्यात थेरॉनने घोंगडी टाकली आणि हेल्मेट घातलं. पहिल्यांदा चेंडू मिळाला तेव्हा चार पावलांत पडला. दुसऱ्यांदा एल्डनने त्याला असा आदळला की ओझेलाने डोळेच मिटले. उघडले तेव्हा एल्डन उभा होता आणि त्याला हात देऊन उठवत होता. तिच्या एका बाजूला व्हर्डी मे नखं खात होती. दुसऱ्या बाजूला कोरीन बसली होती, सोमवारनंतर पहिल्यांदा.

घड्याळात तीन मिनिटं उरली होती. चेंडू थेरॉनकडे गेला. तो उजवीकडे निघाला, थबकला, आणि डावीकडे सुटला. आमची दोन पोरं एकमेकांवर आपटली. आता मध्ये फक्त एल्डन. एल्डनने झेप घेतली, थेरॉनच्या पाठीवरचा शर्ट मुठीत पकडला, आणि ओझेलाने बघितलं की तो फरफटत चाललाय, एक यार्ड, दोन यार्ड, पाच. मग हात सुटला. थेरॉन रेषेपार गेला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला.

आमची बाजू चिडीचूप. त्या शांततेत ओझेला स्टॅन्सिल उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून किंचाळली. शब्द बिब्द नव्हते, नुसता आनंद. शेजारी कोरीन उठली. मग व्हर्डी मे. तिघी जणी टाळ्या पिटतायत, आणि शंभरएक डोळे तिघींवर. समोरच्या बाजूला कोल्टर सिटीची माणसं आधी नाचत होती, मग बघायला लागली, आणि एका म्हाताऱ्याने आमच्या बाजूला तोंड करून टोपी काढली.

रेषेपार म्हणजे सहा गुण. तेरा-बारा. शेवटपर्यंत तसंच राहिलं.

"ओझी," लेम म्हणाला, "आपण हरलो."

"हो ना," ती म्हणाली. "सुटले बाई."

पण ती पुरती सुटली नव्हती. एक प्रश्न राहिला होता, आणि तो विचारल्याशिवाय तिला चैन पडेना. ती गर्दीतून वाट काढत मैदानात उतरली. एल्डन कडेला बसला होता, मातीने भरलेला, डोळे लाल. शेवटचा सामना होता त्याचा. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि सकाळी त्याने विचारलं होतं तसंच, हळू आवाजात विचारलं.

"एल्डन, खरं सांग. सोडलंस का त्याला? माझ्यासाठी?"

एल्डनने तिच्याकडे असं बघितलं की तिला उत्तर मिळालंच. तरी त्याने उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाचं नख मुळापासून उलटलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"सोडीन?" तो म्हणाला. "मी त्याला? अगं, तो थांबतच नाही."

ओझेलाने तो हात आपल्या गालाला लावला आणि सगळ्या गावासमोर हसत हसत रडली. रक्ताचा डाग तिच्या चांगल्या कोटाच्या बाहीवर पडला, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. सामना हरल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं होतं, तेही तिला तेव्हाच वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडंसंच.